एका घराला एक ओटा

सोमवार, ६ जानेवारी

शेजारच्या गल्लीत आज यंत्र आलं. आधी वाटलं, रस्त्याचं काम असेल. मग भिंत पडल्याचा आवाज आला. तो मला ओळखू येतो. हे फरशी बसवायचं काम करायचे, तेव्हा जुनी घरं पाडत असतील तिथे मी यांचा डबा घेऊन जायची. विटांची भिंत आधी कुरकुरते आणि मग एकदम खाली बसते, दमलेल्या माणसासारखी.

दुपारी बघून आले. कोपऱ्यावरच्या घराच्या मागच्या दोन खोल्या गेल्या. पुढचं घर जसंच्या तसं. भाडेकरूंचे कपडे दोरीवर वाळत होते, आणि ज्या खोलीत ते घडी करून ठेवायचे ती खोली नव्हती.

समोरचे फायलीकाका तिथेच उभे होते. हे गृहस्थ कचेरीतून निवृत्त झाले, पण काखेतली फाइल अजून निवृत्त झालेली नाही. म्हणाले, "नियम लागू झाला, वहिनी. शहराच्या कडेचा हा सगळा पट्टा. एका प्लॉटवर एकच घर. आणि घरं मोजतात कशी, ठाऊक आहे? ओटे मोजतात."

"ओटे?"

"स्वयंपाकाचे. दोन ओटे म्हणजे दोन घरं. या घरमालकांना नोटीस आली होती, तर त्यांनी दुसऱ्या ओट्यावर कपाट ठेवलं. सापडलं. मग खोल्यांसकट गेलं."

घरी येऊन आधी दोन्ही ओटे बघितले. आमच्या अंगणाच्या या बाजूला माझा ओटा आहे आणि त्या बाजूला वन्संचा.

वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. शाळेत शिवण शिकवायच्या, लग्न केलं नाही. निवृत्त होऊन आमच्याकडे राहायला आल्या आणि महिन्याभरात म्हणाल्या, "तुझ्या हातचं मला पचत नाही." यांनी मागच्या खोलीत त्यांना ओटा घालून दिला. हे होते तोवर दोन्हीकडे जेवायचे आणि दोन्हीकडे "छान झालंय" म्हणायचे. हे गेल्याला दोन वर्षं झाली. आता आम्ही दोघी अंगणाच्या दोन टोकांना जेवतो.

हे असते तर संध्याकाळी सांगितलं असतं. नाहीत, म्हणून लिहिते.

बुधवार, ८ जानेवारी

नियमांचं पुस्तक वाचनालयात ठेवलंय, घरी नेता येत नाही. तिथल्या बाकावर बसून वाचलं. माझी शाळा दुसरीपर्यंत. पुढचं वाचन मी टाइल्सच्या खोक्यांवर, रद्दीच्या कागदांवर आणि मग मिळेल त्या पुस्तकावर केलं. कठीण शब्दाशी थांबायचं आणि मागून पुन्हा यायचं, ही माझी रीत. 'निवासी घनता' या शब्दाशी मी बराच वेळ थांबले. मग कळलं, जमिनीच्या तुकड्यावर किती माणसं मावायची त्याचा हिशेब.

जिथे ओटा, नळ आणि शेगडी एकत्र, ते स्वयंपाकघर. जितकी स्वयंपाकघरं तितकी घरं. सांडपाण्याची मोठी वाहिनी येईपर्यंत कडेच्या पट्ट्यात एका प्लॉटवर एकापेक्षा जास्त घर नको. वापरात असलेला जादा ओटा काढून टाकला तर खोल्या राहू देतील. लपवला तर नाही.

चीड यावी म्हणून वाचायला बसले होते, पण नियम पटला. आमच्या नळाची धार करंगळीएवढी झाली आहे, गटार दर पावसात उलटं येतं, आणि मागच्या शेतात रोज नवा पाया खणतात. कुठेतरी रेघ ओढायलाच हवी. पटलेल्या नियमाची भीती जास्त वाटते, कारण त्याच्याशी भांडता येत नाही.

एक ओटा जायला हवा. अर्थात वन्संचा. घर माझं, पुढचा ओटा माझा, यात विचार कसला करायचा?

सांगायला गेले. त्यांनी दारातच विचारलं, "मीठ आहे का गं?" सकाळीच वाटीभर नेलं होतं. साठा करतात की काय कोण जाणे. मीठ दिलं आणि न सांगताच परत आले.

शनिवार, ११ जानेवारी

गल्लीचं नाटकघर झालंय. पिठाच्या गिरणीवाल्याने मागच्या ओट्यावर गादी अंथरली आहे आणि तिला पलंग म्हणतो. चढायला स्टूल लागतं. फायलीकाकांच्या माडीवर मुलाचा संसार आहे, तिथल्या ओट्यावर टीव्ही ठेवलाय.

मी म्हटलं, "काका, टीव्हीच्या शेजारी नळ कशाला?"

"बातम्या फार तापल्या तर," म्हणाले.

हसले, पण हसताना कान रस्त्याकडे होते. मोजणीला एक बाई येते, पिवळं हेल्मेट घालून, स्कूटरवरून. जेवणाच्या वेळीच येते म्हणतात. फोडणीचा वास कुठे लपवणार? आज मी भाजी नुसती उकडून खाल्ली. वन्संकडून मात्र करपल्याचा वास अख्ख्या गल्लीत गेला. या वयात मुद्दाम करतात की काय असं वाटतं. चांगला हात होता त्यांचा.

मंगळवार, १४ जानेवारी

आज वन्संनी हद्द केली. मी अंगणात कपडे वाळत घालत होते. खिडकीतून विचारलं, "बाळ आला का कामावरून?"

बाळ म्हणजे हे. घरात एकट्या वन्संच यांना बाळ म्हणायच्या.

मी दोरीला चिमटे लावत राहिले. त्यांनी पुन्हा विचारलं, तितक्याच साध्या आवाजात. भांडण असेल तर माझ्याशी असावं. गेलेल्या माणसाला कशाला टोचणीसारखं वापरायचं? मी आत आले आणि दार लावून घेतलं.

एवढं मन दगडासारखं असेल तर त्यांच्या ओट्याचं सांगायला मला कसली लाज?

शुक्रवार, १७ जानेवारी

ज्याची भीती होती तेच झालं, आणि तेही असं की कुणाला सांगितलं तर हसतील.

दुपारी फाटकाशी स्कूटर थांबली. पिवळं हेल्मेट. आणि तिच्या मागच्या सीटवर कोण? वन्सं. पायात घरातल्या चपला, एक माझी, एक त्यांची. सरकारला स्कूटरसकट घरी घेऊन आल्या.

"या आजी बसस्टॉपवर बसल्या होत्या," ती बाई म्हणाली. "शाळेला उशीर होतोय म्हणाल्या. पत्ता नीट सांगता येत नव्हता, पण तुमच्या फाटकाचा रंग सांगितला."

वन्संना पत्ता येत नाही? शाळेतल्या साऱ्या पोरींची मापं तोंडपाठ असायची त्यांना. नाटक सगळं. मी मनात म्हटलं, कचेरीत जाऊन माझ्या ओट्याचं सांगायचं होतं आणि वाटेत पकडल्या गेल्या, एवढंच.

"चल पोरी, चहा करते तुला," वन्सं तिला म्हणाल्या आणि नेलं ते थेट मागे. ओटा, नळ, शेगडी, पुस्तकात लिहिल्याप्रमाणे तिन्ही एकत्र. मी दारात उभी राहिले.

बाईने वही काढली नाही. जळालेल्या दुधाचं पातेलं बघितलं. ओट्यावर जळक्या काड्यांचा ढीग होता, तो बघितला. मग शेगडीची कळ हाताने तपासली आणि हळूच बंद केली. तीही मोजतात वाटतं. वन्संना म्हणाली, "आजी, आज चहा नको, माझं पोट ठीक नाही."

जाताना फाटकाशी थांबली. "आज मी पाहुणी म्हणून आले, काकू. महिनाअखेरीला मोजणीला येईन. तेव्हा एकच ओटा दिसायला हवा."

"मागचा काढू ना?"

"नियमाला पुढचं-मागचं नसतं. कोणता ते तुम्ही ठरवा." मग विचारलं, "आजींबरोबर कोण असतं?"

"कोणी नाही. मी आहे, पण मी इकडे."

"इकडे म्हणजे?"

"अंगणाच्या अलीकडे."

तिने अंगणाकडे बघितलं. लहान आहे आमचं अंगण. फाटकावर खडूने खूण करून गेली.

खडूची खूण पुसता येते, पण पुसायची हिंमत होत नाही.

रविवार, १९ जानेवारी

लेकीचा फोन. तिला सगळं सांगितलं. तिचं ठरलेलं असतं.

"आई, आत्याला चांगल्या आश्रमात ठेवू. ओटा काढ, खोल्या भाड्याने दे."

"भाडेकरू आला की ओटा आलाच."

"मग रिकाम्या ठेव. तुझ्या डोक्याचा ताप तरी जाईल. तशाही तुम्ही दोघी बोलता कुठे?"

ते खरं आहे. मला वन्संची काळजी नाही, खोल्यांची आहे. त्या यांनी स्वतःच्या हाताने बांधल्या आहेत. एवढंच.

फोन ठेवल्यावर मागच्या खिडकीकडे बघत बसले. त्या खिडकीत कुणी नाही असं डोळ्यांपुढे आणून पाहिलं. मग उठून उगाच झाडू मारला.

बुधवार, २२ जानेवारी

मागे दोनदा बघून आले, मग लिहायला बसले.

दुपारी जरा पडले होते. कसल्यातरी वासाने उठले. आधी वाटलं, नाली. अंगणात आले तर वास मागून. वन्संचं दार लोटलेलं, खिडक्या बंद, आत गॅस इतका की घशात उतरला. शेगडीची कळ उघडी, ज्योत नाही. आणि वन्सं शिवणयंत्राशी बसलेल्या, हातात काड्यापेटी. एक काडी काढून ती बघत होत्या, सुईत दोरा ओवावा तशी डोळ्यांजवळ धरून.

ओरडले नाही. ओरडले असते तर त्या दचकल्या असत्या. जवळ गेले, म्हटलं, "द्या इकडे." त्यांनी दिली. सिलिंडर बंद केला, खिडक्या उघडल्या, त्यांचा दंड धरून अंगणात आणलं.

त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आई, रागावू नकोस. मी काही केलं नाही."

मीठ. चपला. बसस्टॉप. "बाळ आला का?" आणि ती बाई शेगडीची कळ तपासत होती.

मी इतकी पुस्तकं वाचते. समोरचं माणूस वाचता आलं नाही.

गुरुवार, २३ जानेवारी

सिलिंडर मी बंद करून येते. त्या उघडतात. पुन्हा जाते. घरं पाडणाऱ्या यंत्राची भीती आता आठवतसुद्धा नाही. आवाजाची भीती वाटायची, आता शांततेची वाटते. मागून भांड्याचा आवाज आला नाही की मी धावते.

शनिवार, २५ जानेवारी

आज वन्सं अगदी स्वच्छ होत्या. असे दिवस असतात, तेच जास्त घाबरवतात. बुधवारी मला आई म्हणणारं माणूस आज मला भावजय म्हणून झाडतं.

मी धीर करून सांगितलं. नियम असा आहे, एक ओटा जायचा आहे, तुम्ही आता माझ्याकडे जेवायचं.

हातातली कात्री खाली ठेवून त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, "हा ओटा काढलास तर मी इथे कोण?"

"वन्सं, तुम्ही घरच्याच."

"घरची? जिला स्वतःची चूल नाही ती पाहुणी. मी शाळेत होते तेव्हाही स्वतःचं रांधून खाल्लं. पाहुणी किती दिवस ठेवतात गं? सांग ना, तू वाचतेस."

मी खाली पडलेल्या चिंध्या गोळा करायला लागले.

"बाळाने घातलाय हा. त्याला विचारलंस?"

मी म्हटलं, "विचारते." दुसरं काय म्हणणार?

संध्याकाळी बघितलं तर कॉटवर पिशवी भरलेली. कात्री, मापाची पट्टी, दोन लुगडी, आणि मिठाच्या पुड्या. माझ्याकडून नेलेलं सगळं मीठ. म्हणाल्या, "स्टॉपवर जाऊन बसते. बस आली की जाईन."

फाटकाला कुलूप घातलं. स्वतःच्या घरात माणसाला कोंडलं मी आज. किल्ली कमरेला खोचली आहे, ती सारखी टोचते.

सोमवार, २७ जानेवारी

गवंडी आला. यांच्याच हाताखाली तयार झालेला, आता केस पांढरे झालेत त्याचे. पहार घेऊन सरळ मागे निघाला.

"तो नाही," मी म्हटलं. "हा."

"वहिनी, हा तुमचा."

"माझाच."

तो ओट्याकडे बघत राहिला. "हा दादांनी घातला तेव्हा मी माल कालवत होतो. तुमचं कोपर धरून माप घेतलं होतं. सगळीकडे ठरलेल्या उंचीचा घालायचे, हा एवढाच वेगळा. म्हणाले, हिची कंबर दुखायला नको."

"ठाऊक आहे मला. लाग कामाला."

"मागचा काढला तर खर्च कमी, त्रास कमी. वर तुमचं ते तुमच्याकडे राहतं."

"मागची शेगडी बघायला तिथे कुणीतरी उभं राहायला हवं. मला उगाच तिथे उभं राहू देतील का त्या? पण स्वयंपाकाला जागा नाही म्हणून गेले तर हाकलणार नाहीत."

गवंड्याने डोकं खाजवलं. "वहिनी, त्या तुम्हाला फार बोलतात."

"बोलू देत. तू दगड नीट काढ, फोडू नकोस."

काळा दगड अख्खा निघाला. खाली भिंतीवर पेन्सिलची आडवी रेघ होती, यांनी माझं कोपर टेकवून ओढलेली. इतकी वर्षं दगडाआड. मी तिच्याशी कोपर नेऊन पाहिलं. आता रेघ जरा वर आहे, मी खचले आहे.

गवंड्याने विचारलं, "गिलावा मारू ना याच्यावरून?"

म्हटलं, "तेवढा भाग सोड."

दगड अंगणात जांभळाखाली ठेवलाय. बसायला होईल. शेगडी गवंड्यालाच दिली.

मग ताटली घेऊन मागे गेले. दारात उभी राहिले. एवढी भीती मला यंत्राचीही वाटली नव्हती. नाही म्हणाल्या तर माझ्या घरात चूल नाही आणि त्यांच्या घरात मी नाही.

"वन्सं, माझा ओटा सरकारने काढायला लावला. आजपासून तुमच्याकडे जेवायला आले तर चालेल का?"

त्यांनी वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुला माझ्या हातचं पचेल?"

"बघते."

"मग उभी काय राहिलीस? भाजी चिर. आणि जाड नको चिरूस, तुला सवय आहे."

चिरली. शेगडी मी पेटवली. त्यांनी मीठ घातलं, विसरून पुन्हा घातलं. मी बघितलं आणि भाजीत वाटीभर पाणी वाढवलं. कॉटवरची पिशवी त्यांनी स्वतःच सोडली, कात्री हवी होती म्हणून.

गुरुवार, ३० जानेवारी

मोजणी झाली.

आधी समोर. काकांच्या माडीवर बाई गेली, टीव्ही बघितला, ओट्याला हात लावला आणि म्हणाली, "काका, बंद टीव्हीखालचा दगड गरम कसा?" काकांची फाइल खाली पडली. त्यांना नोटीस मिळाली. सून म्हणे आता सासूबरोबर खाली रांधणार. वरून भांडणाचा आवाज येतो आहे, पण माडी राहील.

मग आमच्याकडे. पुढे गिलाव्याची ओली भिंत आणि मधे सोडलेला तेवढा चौकोन. त्याकडे तिने बघितलं. मागे गेली. शेगडीजवळ मी, पाटावर वन्सं मटार सोलत.

"एक," म्हणाली आणि वहीत लिहिलं. फाटकावरची खूण स्वतः ओल्या फडक्याने पुसली. जाताना हळू आवाजात म्हणाली, "काकू, शेगडीची कळ काढून कमरेला ठेवायची. लागेल तेव्हा लावायची. माझी आजी अशीच होती."

आता कमरेला दोन वस्तू टोचतात, फाटकाची किल्ली आणि शेगडीची कळ.

भीती गेली असं लिहिणार नाही. वाहिनी येईल, नियम बदलेल, शेतात घरं उभी राहतील. वन्सं मात्र रोज थोड्या थोड्या कमी होत जाणार, त्याला कुठलं पुस्तक नाही. सकाळी डोळा उघडला की आधी कान मागच्या खोलीकडे जातात.

दुपारी भात उतरवला. वन्सं खिडकीतून फाटकाकडे बघत होत्या.

"तीन ताटं घे गं," म्हणाल्या. "बाळ येईल आता कामावरून."

मी तिसरं ताट घेतलं, पुसलं आणि मधे मांडलं.